बेळगावच्या उद्यमबागेतलं गॅरेज: थंडीत गरमच न होणाऱ्या गाडीचं खरं कारण इथं सापडलं

गाडी तापली तर सगळ्यांना कळतंय, बोनेटमधनं वाफ येते, काटा वर जातो, आपण घाबरून कडेला घेतो. गाडी तापतच नाही हा पण एक बिघाड असतो आणि तो नीट शोधणारा माणूस मिळणं अवघड आहे, म्हणून हा रिव्ह्यू लांबलचक लिहितेय. खानापूर, जांबोटी, नंदगड, लोंढा ह्या बाजूनं रोज सकाळी बेळगावला येणाऱ्यांनी तर वाचाच, कारण आमच्याकडं डिसेंबर-जानेवारीत सकाळी जी थंडी पडते त्यातच हा बिघाड उठून दिसतो, उन्हाळ्यात तो लपून राहतो. गॅरेजला पाचपैकी पाच स्टार. दोन तक्रारी आहेत त्या खाली लिहिल्यात, पण त्यासाठी स्टार कमी करावा असं मला वाटत नाही.

गाडी आमची जुनी पेट्रोल हॅचबॅक, आधी दिरांकडं होती, ते पुण्याला गेल्यावर आमच्याकडं आली. पावसाळ्यात काही जाणवलं नाही. थंडी सुरू झाली तसं एकेक दिसायला लागलं. खानापुरातनं सकाळी निघायचं, मलप्रभेच्या बाजूला धुकं असतंय, काचेवर आतनं दव धरतंय, हीटर लावला तर कोमट वारा, बेळगाव येईपर्यंत कोमटच. टेंपरेचरचा काटा खालच्या पावपट्टीच्या वर जायचाच नाही. तिसऱ्या रेल्वे गेटजवळ ट्रॅफिकमध्ये उभं राहिलं की हळूहळू जरा वर चढायचा आणि परत मोकळा रस्ता लागला की खाली. हे नीट लक्षात ठेवा, उभी असताना वर आणि पळताना खाली, पुढं ह्याच गोष्टीवर सगळं निदान झालं. शिवाय स्टार्ट केल्यावर आरपीएम बराच वेळ चढलेला, मागं उभं राहिलं की कच्च्या पेट्रोलचा वास, आणि ॲव्हरेज सतरा-अठराचं चौदाच्या खाली आलं. चेक इंजिनचा पिवळा दिवा मधनंच लागायचा, मधनंच जायचा.

ह्या गॅरेजला यायच्या आधी गाडी आणखी दोन ठिकाणी दाखवली होती, नावं लिहीत नाही. एका ठिकाणी स्कॅनर लावून गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदलेला बिघाडाचा कोड पुसून दिला, दिवा गेला, पैसे घेतले आणि सांगितलं की मॅडम इंजिन थंड राहतंय म्हणजे चांगलंच आहे की, लोकांच्या गाड्या तापतात म्हणून लोक रडतात. चार दिवसांत दिवा परत. दुसऱ्या ठिकाणी ऑइलचं झाकण उघडलं, झाकणाच्या आतल्या बाजूला साय आल्यासारखा फिकट पिवळट थर होता, तो बघून लगेच हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड ह्यांच्या मधलं सील, गेलंय म्हणाले. इंजिन उतरवावं लागंल, हेड फेसिंगला द्यावं लागंल, आणि जो आकडा सांगितला तो गाडीच्या आजच्या किमतीच्या जवळपास निम्मा. एकही माप न घेता. तपासलं काय तुम्ही असं विचारलं तर झाकण दाखवलं परत.

मग आमच्या ऑफिसातल्या एकानं ह्या गॅरेजचं नाव सांगितलं. उद्यमबागेत मेन रोडवर नाही, आत गल्लीत आहे, दोन्ही बाजूला मशीन शॉप, समोर एक फाउंड्री, पहिल्यांदा जाताना विचारत जावं लागतंय. बोर्ड कानडीत आणि इंग्रजीत, आतमध्ये बोलणं मात्र सगळ्या भाषांत, पोरांना कानडीत, गिऱ्हाइकाला मराठीत, फोनवर पार्टवाल्याशी हिंदीत. मेस्त्री पन्नाशीच्या पुढचे. मी बोनेट उघडायला गेले तर म्हणाले, "थांबा अक्का, आधी सांगा काय होतंय ते." आणि मग खरोखर विचारत बसले. काटा कधी खाली जातो, उभी असताना की पळताना. हीटर एकदम गार येतो की कोमट. पाणी कमी होतंय काय, किती दिवसांनी घालता. एसी लावल्यावर फरक पडतोय काय. रोज किती लांब चालवता. गाडी आधी कोणाकडं होती आणि त्यांनी कूलिंगचं काही काम केलं होतं काय. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं नव्हतं, तो प्रश्न त्यांनी लिहून ठेवला. वहीत. पाणी कमी होत नाही हे ऐकल्यावर "मग हेडचं आत्ताच कशाला बोलायचं" एवढंच म्हणाले आणि गाडी संध्याकाळी सोडून जा, सकाळी गार इंजिनावर बघू, असं सांगितलं. बरेच जण इथंच वैतागतात, गाडी आत्ता बघून द्या म्हणतात. पण रात्रभर गार करून ठेवण्यामागं कारण आहे.

सकाळी मी समोर उभी होते. किल्ली फक्त ऑन केली, इंजिन स्टार्ट केलं नाही, स्कॅनर लावला आणि दोनच आकडे बघितले, कूलंटचं, म्हणजे इंजिन गार ठेवायला फिरणाऱ्या पाण्याचं, टेंपरेचर आणि इंजिनात जाणाऱ्या हवेचं टेंपरेचर. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही जवळजवळ सारखेच दिसायला पाहिजेत आणि बाहेरच्या हवेशी जुळायला पाहिजेत. सोळा आणि सतरा दिसले. म्हणजे गार असताना तरी कूलंटचा सेन्सर खरं बोलतोय. एक दहा दाखवत असता आणि दुसरा वीस तर सेन्सरवर किंवा त्याच्या वायरीवर संशय गेला असता. मग त्यांनी सेन्सरचा कनेक्टर काढून आतल्या पिना बघितल्या, हिरवा गंज चढलाय काय ते. ह्याचं कारण मला आवडलं म्हणून लिहिते. हा सेन्सर गार असताना त्याचा रेझिस्टन्स जास्त असतो आणि गरम होईल तसा कमी होत जातो, वीस डिग्रीला साधारण अडीच हजार ओहमच्या आसपास आणि ऐंशीला तीनशेच्या आसपास. आता पिनांवर गंज असला तर तो गंजाचा रेझिस्टन्स त्यात मिळतो आणि कॉम्प्युटरला वाटतं इंजिन अजून गारच आहे. म्हणजे इंजिन खरं गरम असूनही गाडी गार असल्यासारखं पेट्रोल पीत राहते. आमच्या पिना स्वच्छ होत्या.

कोड पण वाचला, पी०१२८. ह्याचा अर्थ एवढाच की इंजिन ठरलेल्या वेळात ठरलेल्या टेंपरेचरला पोचलं नाही. मेस्त्री म्हणाले, "कोड काय झालंय ते सांगतो ओ, कशानं झालंय ते आपण शोधायचं." संशयित चार, सेन्सर, कमी कूलंट, सतत फिरणारा फॅन, आणि थर्मोस्टॅट, म्हणजे रेडिएटरकडं जाणारं पाणी अडवणारा-सोडणारा वॉल. कूलंट कमी असलं तर सेन्सर पाण्यात बुडत नाही आणि खोटं कमी दाखवतो, शिवाय हीटर पण गार पडतो. रेडिएटरचं झाकण गार असतानाच उघडलं, पातळी गळ्यापर्यंत होती, पण रंग बघून त्यांचं तोंड बदललं. हिरवा नाही, गुलाबी नाही, विटकरी पाणी. कोणीतरी कधीतरी नुसतं नळाचं पाणी भरलेलं. बोट घातलं तर गंजाचा गाळ.

मग स्टार्ट केली. आणि मला म्हणाले अक्का इथं हात ठेवा, रेडिएटरच्या वरच्या पाइपवर, फॅनपासनं लांब. ही तपासणी कोणीपण घरी करू शकतंय म्हणून नीट सांगते. इंजिन गार असताना थर्मोस्टॅट बंद असतो, पाणी फक्त इंजिनातल्या इंजिनात आणि हीटरमधनं फिरतंय, रेडिएटरकडं जात नाही. त्यामुळं वरचा पाइप बराच वेळ गार राहायला पाहिजे, आणि इंजिन ऐंशी-ब्याऐंशीच्या पुढं गेलं की थर्मोस्टॅट उघडतो आणि पाइप थोड्याच वेळात चटका बसण्याइतका गरम होतो. आमच्या गाडीत काय झालं तर दोनतीन मिनिटांतच पाइप कोमट व्हायला लागला, स्कॅनरवर तेव्हा पस्तीस-चाळीस. इंजिन जसं जसं गरम तसा तसा पाइप. म्हणजे पाणी पहिल्या मिनिटापासनं रेडिएटरमधनं फिरतंय आणि गार होऊन परत येतंय. तापायचं कसं त्यानं?

तरीपण त्यांनी लगेच निकाल दिला नाही, हेच मला सगळ्यात जास्त पटलं. टेंपरेचर मोजायची गन असते ना लाल टिपका पाडणारी, ती सेन्सरच्या शेजारच्या हाउसिंगवर मारली, स्कॅनरचा आकडा आणि गनचा आकडा जवळजवळ बसले. म्हणजे गरम होताना पण सेन्सर खराच. फॅन बघितला, फिरत नव्हता. काही ठिकाणी फॅनची वायर डायरेक्ट करून ठेवतात, किल्ली ऑन केली की फॅन चालू, रिले चिकटला तरी तेच होतंय. पण मेस्त्रींनी सांगितलं की फॅनचा प्रॉब्लेम असता तर गाडी उभी असताना गार राहिली असती, पळताना फॅनला कोण विचारतंय, समोरनं वारा असतोच की. तुमची उलटी आहे, पळताना गार होते, म्हणजे वारा लागतोय तेव्हा पाणी अडवणारं कोणी नाही.

मग रोड टेस्ट. स्कॅनर लावलेलाच ठेवून खानापूर रोडनं मच्छे ओलांडून पुढं गेलो, चालवायला मी आणि शेजारी ते. गॅरेजमध्ये बराच वेळ आयडलवर सत्तरच्या वर गेलेलं टेंपरेचर हायवेला लागल्यावर पाचसहा मिनिटांत साठच्या खाली. थांबलो, परत चढायला लागलं. निघालो, परत उतरलं. काट्याबद्दल त्यांनी एक सांगितलं ते कामाचं आहे. बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम मधोमध स्थिर दिसेल असा केलेला असतो, पंचाहत्तर असो की शंभर, काटा मधेच, म्हणजे ड्रायव्हर उगाच घाबरू नये. त्यामुळं काटाच खाली दिसायला लागला तर आत फरक बराच मोठा असतो आणि छोटा फरक काट्यावर दिसतच नाही. ज्यांच्या गाडीत काटा नसून नुसता निळा आणि लाल दिवा आहे त्यांना तर निळा दिवा विझल्यावर पुढं काय चाललंय काहीच कळत नाही.

परत आल्यावर मी हेड गॅस्केटचं विचारलं, कारण तो आकडा डोक्यातनं जात नव्हता. म्हणाले बोलून कशाला, बघूनच टाकू. एक काचेची नळी असते, तिच्यात निळं द्रव घालतात, ती रेडिएटरच्या तोंडावर बसवून पंपानं आतली हवा त्या द्रवातनं ओढतात. हेड गॅस्केट फुटलं असेल तर सिलिंडरमधला जळालेला गॅस कूलंटमध्ये येतो आणि पेट्रोल गाडीत ते निळं द्रव पिवळं पडतं. बराच वेळ पंप केला, निळंच्या निळं. मग झाकणावरच्या सायीचं पण समजावून सांगितलं. इंजिन पूर्ण गरम झालं नाही की ऑइलमधला पाण्याचा अंश उडून जात नाही, तो वर झाकणाला गार जागी धरतो आणि ऑइलमध्ये मिसळून पांढरट होतो. हेड गॅस्केट गेलं तरी साय येते, हे खरं, पण मग कूलंट कमी होतं, कूलंटमध्ये तेलाचा तवंग दिसतो, डिपस्टिकवरचं ऑइल पण दुधाळ होतं. आमचं डिपस्टिकवरचं ऑइल काळंच होतं, फक्त त्याला पेट्रोलचा वास होता. तो वास म्हणजे गार इंजिनात जास्तीचं पेट्रोल जळत नाही, सिलिंडरच्या भिंतीवरनं खाली ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल पातळ करतं, पातळ ऑइलनं रिंगा आणि बेअरिंग झिजतात. "गार इंजिन चांगलं" म्हणणाऱ्यांनी हे वाचावं. एक प्लग काढून दाखवला, काजळी.

आता थर्मोस्टॅटचं हाउसिंग उघडलं. आणि आत काहीच नव्हतं. थर्मोस्टॅट अडकलेला नव्हता, तुटलेला नव्हता, तो तिथं नव्हताच. गॅस्केटच्या जागी सिलिकॉन फासून हाउसिंग परत बसवलेलं. मेस्त्रींनी पोराला बोलावून दाखवलं, मग मला, मग वहीतला तो प्रश्न परत काढला. मी तिथनंच भावोजींना फोन लावला. ते म्हणाले हो की, एप्रिलात गाडी तापली होती, रस्त्यातल्या एका गॅरेजवाल्यानं वॉल, म्हणजे हा थर्मोस्टॅटच, काढून टाकला, आपल्याकडं एवढी थंडी नसते, वॉलची गरज नाही म्हणाला, आणि त्यानंतर गाडी तापली नाही म्हणून मी पण विसरलो. झालं, सगळा उलगडा एका फोनमध्ये.

हे "वॉल काढून टाका" आमच्या भागात किती चालतंय ते मेस्त्रींनी टेबलाचा खण उघडून सांगितलं, आत जुने काढलेले थर्मोस्टॅट भरलेले. त्यातला एक हातात दिला. पितळेची छोटी डबी, तिच्यात मेण, वर एक दांडी, भोवती स्प्रिंग आणि एक चकती. मेण ठरलेल्या टेंपरेचरला वितळून फुगतं, दांडी ढकलतं, चकती उघडते, पाणी रेडिएटरकडं जातं. गार झालं की मेण आकसतं आणि स्प्रिंग चकती मिटवते. ना वायर, ना करंट. बंद अवस्थेत अडकला की गाडी तापते, उघडा अडकला किंवा काढलाच की गाडी गार राहते. गाडी तापली म्हणून तो काढणारा माणूस त्या दिवसापुरता गिऱ्हाइकाला खूश करतो, पण मुळात का तापली, रेडिएटर चोंदलाय काय, फॅन चालतो काय, झाकण प्रेशर धरतंय काय, हे बघायचं राहूनच जातं. आणि एक गोष्ट मला माहीतच नव्हती. काही इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खालच्या बाजूला दुसरी चकती असते, वरची उघडली की ती खालची बायपासची वाट बंद करते. असल्या इंजिनातनं थर्मोस्टॅट काढला तर बायपास कायम उघडा, गरम पाण्यातलं काही रेडिएटरला न जाताच परत इंजिनात. म्हणजे हिवाळ्यात गार राहणारी तीच गाडी उन्हाळ्यात चोर्ला घाट चढताना तापू शकते. ज्याच्यासाठी काढला तेच होतंय.

आणि "आपल्याकडं थंडी नसते" ह्याला काय अर्थ आहे? बेळगाव समुद्रसपाटीपासनं साडेसातशे मीटरच्या आसपास उंच आहे, पहाटे बारा-तेरा डिग्री हे नेहमीचं, कधी दहाच्या खाली पण जातंय, खानापूर-कणकुंबीच्या जंगलाच्या बाजूला तर विचारू नका. पण खरं म्हणजे थंडीचा प्रश्नच नाही. इंजिन नव्वदच्या आसपास चालावं असं बनवलेलं असतं, बाहेर दहा असो की चाळीस, साठवर चालवणं चूकच. मद्रासमधल्या गाडीत पण थर्मोस्टॅट असतोच.

पार्ट लगेच मिळाला नाही, हुबळीहनं मागवला, दुसऱ्या दिवशी आला. कंपनीचा आणि लोकल दोन्हीचा भाव सांगितला आणि मी कंपनीचाच घ्या म्हटलं. बसवायच्या आधी त्यांनी जे केलं ते मी आजपर्यंत कुठल्या गॅरेजमध्ये बघितलेलं नाही. स्टोव्हवर पातेलं ठेवलं, पाण्यात थर्मोस्टॅट तारेला लटकवून सोडला, बुडाला टेकू द्यायचा नाही, नाहीतर बुडाची आच लागून खोटं उघडतो, शेजारी थर्मामीटर. पार्टवर ८२ असा छाप होता. एक्क्याऐंशीपर्यंत घट्ट मिटलेला, ब्याऐंशी-त्र्याऐंशीला चकतीच्या कडेनं फट दिसायला लागली, पंचाण्णवला पूर्ण उघडा. गॅस बंद केला, पाणी गार होताना परत मिटला. "नवीन आहे म्हणून बरोबर असंल असं नसतंय अक्का," म्हणाले. ही तपासणी फुकट होती, वेळ गेला त्यांचाच.

बसवताना थर्मोस्टॅटच्या कडेला एक बारीक हलणारी पिन असते ती वरच्या बाजूला ठेवली, तिथनं अडकलेली हवा निघते. सिस्टिम स्वच्छ पाण्यानं परत परत धुतली, विटकरी पाणी यायचं थांबेपर्यंत. मग कूलंट, डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मं-निम्मं मिसळून. कूलंट फक्त थंडीत पाणी गोठू नये म्हणून असतं असा आपल्याकडं समज आहे आणि बेळगावात कुठं पाणी गोठतंय म्हणून नळाचं पाणी भरतात, पण त्यातलं गंज रोखणारं औषध आणि वाढलेला उकळबिंदू ह्या दोन गोष्टी आपल्याला बाराही महिने लागतात. मग गाडीचं तोंड रॅम्पवर चढवून, हीटर फुल गरमवर ठेवून, झाकण उघडं ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत चालू ठेवली. हवा आत राहिली तर सेन्सर परत खोटं दाखवतो आणि हीटर मधनंच गार पडतो. ऑइल आणि ऑइल फिल्टर पण बदलले, पेट्रोल मिसळलेलं ऑइल ठेवण्यात अर्थ नव्हता. प्लग मात्र बदलले नाहीत, घासून परत बसवले, इंजिन नीट गरम झालं की काजळी आपोआप जळून जाईल म्हणाले. विकायची संधी होती, विकले नाहीत.

बिल सगळं धरून, पार्ट, कूलंट, ऑइल, फिल्टर, मजुरी, पाच हजारांच्या आत. हेड गॅस्केटच्या त्या आकड्यापुढं हे काय आहे तुम्हीच बघा. बिल हातानं लिहिलेलं पण पार्टची पावती वेगळी जोडलेली, जुना सिलिकॉनचा तुकडा पिशवीत घालून दिला.

आता तक्रारी. फोन उचलत नाहीत, कामात असले की अजिबातच नाही, आणि काम झालं हे कळवायला पण फोन करत नाहीत, आपणच जाऊन बघायचं. खानापूरहनं येणाऱ्याला हे फार त्रासाचं आहे, एखादा मेसेज टाकायला पोराला सांगितलं तरी चालंल. दुसरं म्हणजे बसायला जागा नाही, एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे आणि त्यावर स्पॅनर. बायकांनी गाडी घेऊन यायचं असेल तर स्वच्छ बसायची जागा आणि बाथरूमची सोय पाहिजे, हे मी त्यांना तोंडावर पण सांगितलंय. समजावून सांगताना मात्र बाई आहे म्हणून एक शब्द सोपा केला नाही की एक माप लपवलं नाही, प्रत्येक आकडा मला दाखवून पुढं गेले, नवऱ्याला बोलवा असं एकदाही म्हणाले नाहीत.

फरक सांगायचा तर, आता खानापुरातनं निघाले की गावाबाहेर पडून थोडं पुढं येईपर्यंत काटा मधे येऊन बसतो आणि तिथंच राहतो. गाडीच्या कॉम्प्युटरचे आकडे दाखवणारा स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी घेतलाय, मोबाइलवर बघते, ८४ ते ९२ च्या मधेच फिरतंय. हीटर कडकडीत, काचा लगेच साफ. ॲव्हरेज सतराच्या वर परत आलं. दिवा परत लागलेला नाही. खरी परीक्षा जांबोटी-कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरताना घेतली, सकाळी गार वारा, उताराला इंजिनावर लोड नाही, आधी असल्या उतारावर काटा पार तळाला जायचा. ह्या वेळी मोबाइलवर ८१-८२ पर्यंत उतरलं आणि तिथंच थांबलं, थर्मोस्टॅट मिटला म्हणजे, बरोबर छापलेल्या आकड्याला. खाली गोव्यातल्या साखळी गावापर्यंत तसंच.

ज्यांना आपली गाडी पण अशी वाटतेय त्यांच्यासाठी मेस्त्रींनी सांगितलेलं थोडं लिहिते. गल्लीतल्या गल्लीत दूध, भाजी, शाळा एवढंच चालवत असाल तर कुठलीच गाडी पूर्ण गरम होत नाही, तो बिघाड नव्हे, पंधरावीस मिनिटं हायवेला चालवून मगच ठरवा. डिझेल गाडी मुळातच उशिरा गरम होते, उभी ठेवून तर फारच उशिरा, त्यामुळं पेट्रोलवाल्या शेजाऱ्याशी तुलना नको. पण बीएस६ डिझेल असेल आणि इंजिन गार राहत असेल तर जास्त लवकर दाखवा, कारण इंजिन पुरेसं गरम नसलं तर डीपीएफमधली, म्हणजे धुरातली काजळी धरणाऱ्या फिल्टरमधली, काजळी जाळायची प्रक्रिया गाडी सुरूच करत नाही, फिल्टर चोंदत जातो आणि डीपीएफचा खर्च थर्मोस्टॅटच्या कैक पट. रेडिएटरसमोर पुठ्ठा किंवा पोतं लावायची ट्रकवाल्यांची युक्ती कारला करू नका, आजार झाकला जातो आणि दुपारी ऊन पडल्यावर पुठ्ठा काढायचं विसरलात तर गाडी खरंच तापते. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण कोणीही उघडायचं नाही, आत प्रेशर असतं, उकळतं पाणी तोंडावर येतं.

जुनी गाडी घेताना पण हे बघा, सकाळी गार इंजिनावर स्टार्ट करून वरच्या पाइपला हात लावला तर थर्मोस्टॅट आहे की काढलाय ते पाच मिनिटांत कळतंय. विकणाऱ्याला बहुतेक वेळा माहीतच नसतं, आमच्या भावोजींना तरी कुठं आठवत होतं.

गॅरेजला जायचं तर संध्याकाळी सहाच्या आत गाडी सोडा आणि सकाळी नऊला हजर राहा, मेस्त्री तेव्हा निवांत असतात, अकरानंतर गर्दी. रविवारी दुपारनंतर बंद. रोख किंवा यूपीआय, कार्ड चालत नाही. गल्लीत मोठी गाडी वळवायला जागा कमी आहे, फाउंड्रीसमोरनं रिव्हर्स घेत या.